शेऱ्याचा रकाना

“मामा, मैंदर्गीत अशी एखादी जागा सांगा, की जिथं मला दोन तास बसता येईल आणि माझ्याकडं कुणी बघणार नाही.”

भाचीनं हे विचारलं तेव्हा मी कडक भाकरी मोडत होतो. तुकडा हातातच राहिला. साठ वर्षं या गावात काढली, त्यातली तीस इथल्याच पोरांना बाराखडी शिकवण्यात. पण असली जागा आजवर कुणी मागितली नव्हती. मी मनातल्या मनात गावाला एक फेरी मारून आलो. पारावर जावं, तर तिथं चार म्हातारे. शाळेमागं जावं, तर शेरडं राखणारी पोरं. विहिरीच्या वाटेला भिंतीवर गोवऱ्या थापणाऱ्या बाया. गावाबाहेर एखाद्या बांधावर एकटं बसावं, तर “कुणाची गं ही? घरात काही झालं का?” म्हणत दोन माणसं मोटारसायकल थांबवून उतरणार.

“अशी जागा आहे,” मी म्हणालो, “पण ती सोलापुरात.”

सोलापूरहूनच ती आली होती. मानसशास्त्रात एम.ए. करते. ‘निरीक्षण पद्धती’चं प्रात्यक्षिक होतं: गाडीची वाट बघणारी माणसं काय काय करतात ते टिपायचं. तिच्याकडं छापलेले तक्ते होते. एका कागदावर वीस मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला एक ओळ, आणि पुढं रकाने: बसणे, उभे राहणे, येरझारा, बोलणे, मोबाइल, इतर. बघायचं, खूण करायची, पुढच्या ओळीवर जायचं. मन, हेतू, स्वभाव यांच्या फंदात पडायचं नाही. ‘म्हातारा चिडला’ असं लिहायचं नाही, ‘काठी दोनदा आपटली’ असं लिहायचं. चिडला हा आपला तर्क. आपटली हे निरीक्षण.

हे ऐकून स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली माझी बायको नाराज झाली. म्हणजे, तिच्या दोन्ही भुवया वर गेल्या. शेजारणीच्या हातातली पिशवी बघून ती माहेरी निघाली की माहेराहून आली, भांडून की न भांडता, आणि परतणार कधी, एवढं सांगणारी ही बाई. तिला नुसतं ‘पिशवी’ लिहून थांबा म्हणणं म्हणजे सुगरणीला पाणी उकळून दाखव म्हणण्यासारखं.

“पण सोलापूरचा स्टँड काय वाईट होता?” मी विचारलं.

“तिथं गर्दी फार, नजर ठरत नाही. इथं निवांत आहे. आणि मला कुणी ओळखत नाही.”

मी गप्प बसलो. तिची आई, माझी थोरली बहीण, याच गावात वाढली आणि पोरीनं आईचं नाक जसंच्या तसं उचललंय.

जेवणानंतर तिनं तिची पुस्तकं मला चाळायला दिली. निवृत्त मास्तराच्या हातात पाठ्यपुस्तक म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या नाकाशी ओली कडबाकुट्टी. वर्तन जिथं घडतं तिथंच हात न लावता बघायचं, ते नैसर्गिक निरीक्षण. माणसाला ठरावीक खोलीत आणून बघायचं, ते नियंत्रित. लांबून बघायचं ते असहभागी, त्यांच्यातलंच एक होऊन बघायचं ते सहभागी. अमेरिकेत येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल नावाच्या गृहस्थांनी लहान मुलांना बघण्यासाठी एक घुमटाकार खोली केली होती. बाहेरच्याला आतलं दिसे, आतल्याला बाहेरचं दिसत नसे. वाचून मला कौतुक वाटलं, नवल नाही. आमच्याकडं ही सोय पूर्वापार आहे. तिला दाराची फट म्हणतात.

पण एका हकिकतीपाशी मी थबकलो. रॉजर बार्कर नावाचा मानसशास्त्रज्ञ १९४७ साली कॅन्सस राज्यातल्या ओस्कालूसा नावाच्या चिमुकल्या गावात बायकोसह राहायलाच गेला. त्याचं म्हणणं असं, की रसायनशास्त्रज्ञाला निसर्गात कुठला पदार्थ किती सापडतो ते ठाऊक असतं, पण माणसाच्या रोजच्या दिवसात काय किती घडतं ते मानसशास्त्रज्ञाला ठाऊक नसतं. म्हणून त्यानं गावातच केंद्र उघडलं आणि ते पंचवीस वर्षं चालवलं. २६ एप्रिल १९४९ या दिवशी तिथल्या एका सात वर्षांच्या मुलाला, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत, आठ निरीक्षकांनी पाळीपाळीनं टिपलं. मुलानं मोजा कसा चढवला इथपासून सगळं. त्या एका दिवसाचं चारशेहून अधिक पानांचं पुस्तक १९५१ मध्ये निघालं.

मला माझा नववा उन्हाळा आठवला. एके दिवशी शाळा बुडवून मी विहिरीवर पोहायला गेलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आईकडं माझ्या दिवसाचा अहवाल तयार होता. दप्तर कुठं लपवलं, कुणाच्या शेतातून गेलो, किती उड्या मारल्या, परतताना कुणाच्या शेंगा उपटल्या, सगळं वेळेनिशी. बार्करकडं आठ माणसं होती. आईकडं अकरा, तीही बिनपगारी. एकाच गोष्टीवर निरीक्षकांत मतभेद होता: एकीच्या मते माझे केस ओले होते आणि सदरा कोरडा, दुसरीच्या मते केस आणि सदरा दोन्ही ओले. दोन निरीक्षकांचं जुळतं किती, आणि त्यातलं योगायोगानं किती, हे काढायचं सूत्र जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलं. ते आईपर्यंत पोचलं नव्हतं. तिनं जिथं दोघींचं एकमत होतं तेवढ्यापुरतंच, म्हणजे केसांबद्दल, मला मारलं. सदऱ्याबद्दल संशयाचा फायदा दिला. इतकी काटेकोर पद्धत मी पुढं खात्याच्या चौकशीतसुद्धा बघितली नाही.

चारच्या सुमाराला आम्ही थांब्यावर गेलो. चहाच्या टपरीसमोर कडुलिंब आहे, त्याखाली बाक. भाची बाकाच्या एका टोकाला बसली, मी शहाण्यासारखा लांब पानपट्टीपाशी उभा राहिलो. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चढायला लागलं होतं. दुधनीच्या बाजारात तूर घालून परतलेली माणसं, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब, कॉलेजहून परतलेल्या पोरी. भाचीनं मोबाइलवर वेळ लावली आणि पहिली खूण केली.

असहभागी निरीक्षण चार मिनिटं टिकलं. पाचव्या मिनिटाला एक म्हातारी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “याव ऊर तंगी निंदु?” भाचीला कानडी येत नाही. ती नुसती हसली. म्हातारीनं वाकून निरखलं आणि मागं वळून साऱ्या थांब्याला सांगितलं, “मूग नोडु, मूग!” नाक बघा, नाक. मग मराठीत: “तू आमच्या मास्तरच्या अक्काची लेक न्हवं का गं?” झालं. मानसशास्त्राला नावाची गुप्तता लागते म्हणतात. इथं नाव विचारायच्या आधी नाकानं घात केला.

तरी काय लिहिते, हा प्रश्न उरलाच. पहिला अंदाज घरकुलाच्या यादीचा. मग कुणी पीक विमा म्हणालं. एक शेतकरी पुढं होऊन आपलं पूर्ण नाव, गट नंबर आणि विहिरीची खोली सांगून “लिहून घ्या ताई” म्हणाला. ताईच्या तक्त्यात विहिरीला जागा नव्हती. त्याचं समाधान व्हावं म्हणून तिनं ‘इतर’मध्ये एक खूण केली. खूण झालेली बघून तो निश्चिंत मनानं गेला.

आणि मग थांबा सुधारला. टपरीवाला एकदा विसळलेले पेले पुन्हा विसळायला लागला. तोंडात तोबरा भरलेली दोन पोरं आडोशाला गेली. रिक्षा, ज्या आजवर कडुलिंबाच्या सावलीला धरून कशाही लागत, त्या रांगेत लागल्या. एका तरुणानं म्हातारीला जागा दिली आणि पोरीनं ते लिहिलं का, म्हणून वाकून बघितलं. याला पुस्तकात नाव आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग चालले. दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी वाढलं, अशी कथा पसरली. बघणारा आहे म्हटल्यावर माणूस बदलतो, या गोष्टीला १९५८ मध्ये हेन्री लँड्सबर्गर यांनी ‘हॉथॉर्न परिणाम’ म्हटलं. गंमत म्हणजे पुढं दिव्यांची जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा तो परिणाम कथेत सांगतात तेवढा ठळक निघाला नाही. शिकागोचं मला माहीत नाही. मैंदर्गीत त्या दिवशी रिक्षा रांगेत होत्या, हे मी शपथेवर सांगतो.

पोरांची तर और तऱ्हा. चारपाच जण बाकाभोवती घोटाळत होते. त्यांनी काय हेरलं होतं ते मला लांबून दिसलं. काही घडलं की ताईचं पेन हलतं. मग एकानं कट्ट्यावरून उडी मारली. पेन हललं. दुसऱ्यानं मारली. हललं. मग उड्यांचा पाऊसच. बर्लिनमध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीला एक घोडा होता, हान्स. टापा आपटून बेरजा-वजाबाक्या करायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये शोधून काढलं, की घोड्याला गणित येत नाही, त्याला माणूस वाचता येतो. उत्तराचा आकडा आला, की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की घोडाही नापास. आमच्या नंदीबैलवाल्याला हे ऐकून हसू येईल. त्याचा नंदी ढोलाच्या गुबूगुबूवर मान हलवतो, हे त्यानं कधी लपवलं नाही. पाऊस पडेल का, हे बैलाला नाही तर आपल्याला ऐकायचं असतं, हे त्याला ठाऊक असतं. भाची पोरांना बघत होती आणि पोरांनी तिचा केव्हाच नंदी केला होता.

“पेन सारखं हलव, नाहीतर अजिबात हलवू नको,” मी जवळ जाऊन कुजबुजलो. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की त्याचं निरीक्षण मी इथं नोंदवत नाही.

मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी १९३२ मध्ये बालवाडीतल्या खेळाचे सहा प्रकार प्रसिद्ध केले. एकेका मुलाला एकेक मिनिट बघून त्यांनी ते काढले होते: एकटं खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं वगैरे. त्यात एक प्रकार नुसतं बघत राहणाऱ्या मुलाचा. खेळात नाही, पण खेळ सोडूनही जात नाही. मधून एखादा सल्ला देतो. हे वाचून मला फार बरं वाटलं. आयुष्यभर मला ‘बघ्या’ म्हणून हिणवलं गेलं. तो खेळाचाच प्रकार आहे, हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

बोलण्याच्या रकान्यातही एक घोळ होता. एक माणूस शेजारच्या आईशी कानडीत बोलत होता, मोबाइलवर कचेरीतल्या कुणाशी मराठीत, आणि पिशवीत तोंड घालणाऱ्या शेळीला हाकलायला त्यानं दखनी काढली. तीन भाषा, तीन माणसं म्हणावीत इतका आवाज वेगळा. तक्त्यात खूण एकच. बार्करनं पंचवीस वर्षांत जे पाहिलं त्यातली मोठी गोष्ट हीच: कोण आहे यापेक्षा कुठं आहे यावरून माणूस काय करील ते जास्त कळतं. तोच मुलगा शाळेत वेगळा, दुकानात वेगळा. आणि दुकानात आलेली दहा निराळी मुलं मात्र एकसारखी. आमच्याकडं त्या ‘कुठं’मध्ये भाषाही धरावी लागेल, एवढीच पुरवणी मी जोडतो.

ती दखनीत हाकललेली शेळी मात्र फार लांब गेली नव्हती. भाची दुसरा कागद भरून बाकावर ठेवते न ठेवते तोच तिनं तो ओढला. आम्ही धावलो तोवर चार वाजून पंचवीस ते पावणेपाच एवढा काळ शेळीच्या पोटात गेला होता.

पोरीचे डोळे भरून आले. म्हणजे, ओले दिसले. मी तिला एम. एन. श्रीनिवास यांची गोष्ट सांगितली. म्हैसूरजवळच्या एका गावात ते १९४८ साली राहिले, लोकांत मिसळून बघितलं, मग वर्षानुवर्षं टिपणं नीट लावली. १९७० च्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला लिहायला बसले असताना तिथं आग लागली आणि लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती गेल्या. मग आठवणीतून त्यांनी ते गाव लिहिलं. १९७६ मध्ये निघालेलं ते पुस्तक आजही वाचतात.

“त्यांची टिपणं आगीत गेली, मामा,” ती म्हणाली. “माझी शेळीनं खाल्ली. हे अहवालात कसं लिहू?”

तेवढ्यात चहा आला. आम्ही सांगितला नव्हता. “कुडीरी,” एवढंच म्हणून टपरीवाल्याचा पोरगा पेला ठेवून गेला. तो चहा प्यायला तिला म्हातारीशेजारी सरकावं लागलं. म्हातारीनं मांडीवरची शेंगांची पुडी उघडली. असहभागाचं उरलंसुरलं सोवळंही सुटलं. मला वाटतं, बिघडलं काहीच नाही. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या त्या वारकऱ्यांच्या बरोबरीनं. अभंग म्हणत एकत्र चालणारी दिंडी जेवायला मात्र जातीजातीनं वेगळी बसते, हे त्यांना दिसलं आणि लागलंही. लांबून बघणाऱ्यालाही ते दिसलं असतं. लागलं असतं का, ते सांगता येत नाही.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सगळा वेळ एक वृद्ध गृहस्थ बसून होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. दोन गाड्या अक्कलकोटकडं गेल्या, एक दुधनीकडं, एक कर्नाटकची. ते कशातच चढले नाहीत. भाचीनं त्यांना ‘बसणे’मध्ये खुणावर खुणा दिल्या होत्या. “मामा,” ती हळूच म्हणाली, “यांना एकटेपणा असेल ना? रोज येत असतील, कुणाची तरी वाट बघत.” ‘चिडला’ लिहू नये हे सकाळी मला शिकवणारी पोर दुपारी एका धोतरावरून अख्खी कादंबरी रचून मोकळी झाली.

मी टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “त्यांच्या घरी चार ते सहा नातवाची शिकवणी असते. बाहेरच्या खोलीत. सून म्हणते, अप्पा, जरा फिरून या.”

“तुम्हाला कसं कळलं?” भाचीनं विचारलं.

“विचारलं की.”

सहा रकान्यांचा कागद हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग सरळ जाऊन त्या गृहस्थांशेजारी बसली आणि विचारलं. अप्पा हसले. आयुष्य त्यांचं एस.टी.त गेलं होतं, वाहतूक नियंत्रक म्हणून. नोकरी संपली, हात थांबला नाही. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक छोटी वही काढली. पेन्सिलीनं आखलेले चार रकाने: गाडी, आली, गेली, शेरा. कुणी मागितलेली नाही, कुणाला द्यायची नाही. पण रोज चार ते सहा, ओळीखाली ओळ.

भाचीनं ती वही दोन्ही हातांत धरली. शेळीनं खाल्लेली वीस मिनिटं तिथं शाबूत होती. कुठली गाडी कधी आली, किती उतरले, किती चढले. शेऱ्यात: ‘पोते वर चढविण्यास दोघांनी हात दिला.’ ‘मुले कट्ट्यावरून उड्या मारतात.’ ‘रिक्षा रांगेत. नवल.’ तिनं आपला उरलेला कागद शेजारी धरून ताडून बघितला. गाड्यांच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या. कोहेनसाहेबांनीही पाठ थोपटली असती. आणि एक नोंद तिच्याकडं नव्हती, असायला वावच नव्हता:

‘४-०५. मुलगी, चष्मा. लिहीत आहे. ४-३५. अजून लिहीत आहे. पाणी प्याली नाही. चहा सांगितला.’

तर्क नाही, निदान नाही, हळहळ नाही. तिच्या सरांनी सांगितलं असेल तसं चोख. फक्त शेवटचे दोन शब्द कुठल्याही पद्धतीत बसत नाहीत.

कानडीत आमच्याकडं दर दुसऱ्या वाक्याला ‘नोड्री’ येतं, म्हणजे बघा. मराठीत वाट बघतात, मुलगी बघतात, आजाऱ्याला बघून येतात, आणि म्हातारपणी आईबापांना कोण बघतं यावर गावात चर्चा चालते. ‘पाहुणा’ही पाहण्यावरूनच आला असं मी वर्गात बरीच वर्षं ठोकून दिलं होतं, पुढं कोशात पाहिलं तर तो संस्कृत प्राघूर्णकावरून आलेला. पोरांनी तोवर माझी व्युत्पत्ती पाठ केली होती. त्या दिवशी मला वाटलं, अगदीच चूक नव्हतो.

सहाच्या आधी अक्कलकोटकडची गाडी आली. भाची धावतपळत चढली, खिडकीतून हात केला. अप्पांनी टोपी सारखी केली, पेन्सिल जिभेला लावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मुद्दाम थांब्यावर गेलो. “अप्पा, जरा बघू?” त्यांनी वही पुढं केली. आदल्या दिवसाची शेवटची ओळ होती. गाडी, आली, गेली. आणि शेऱ्यात: ‘मास्तरांची भाची गेली. खिडकीशी जागा मिळाली.’